दहा डॉलरची पैज : अमेरिकेच्या कृष्णवर्णीय वकील स्त्रियांनी कायदा कसा वळवला

'पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील', 'पहिली कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश' अशा याद्या दर फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, अमेरिकेत पैशाला पासरी मिळतात. नाव, साल, फोटो. आपण मान डोलावतो आणि पुढे सरकतो. या बायकांनी काळा कोट चढवल्यावर कायद्यात नेमकं काय हललं, ते या याद्यांतून कधीच कळत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे. ती समजायला अमेरिकेच्या राज्यघटनेतलं एक वाक्य आधी नीट पाहून घ्यावं लागेल.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी गेली आणि १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. तिच्यात म्हटलं आहे की कोणतंही राज्य आपल्या हद्दीतल्या कोणत्याही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, कारण आपल्या अनुच्छेद १४ मधले 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द तिथूनच आले आहेत. पण आपल्या घटनाकारांनी एक शहाणपण केलं. पुढच्याच अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणं नाव घेऊन लिहून टाकली. अमेरिकेच्या त्या वाक्यात यातलं एकही नाव नाही. कुणाला किती समानता द्यायची हा निवाडा न्यायाधीशांच्या हातात गेला. पुढची शंभर वर्षं जी भांडणं झाली, ती सगळी त्या मोकळ्या जागेत काय भरायचं यावरून.

सुरुवातीला न्यायाधीशांनी ती जागा कशी भरली, त्याचा नमुना १८७३ सालचा आहे. मायरा ब्रॅडवेल ही इलिनॉयमधली गोरी बाई वकिलीची परीक्षा पास झाली, पण विवाहित स्त्री म्हणून तिला सनद नाकारली. चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी सहमतीच्या निकालपत्रात लिहिलं की पत्नी आणि माता होणं हेच स्त्रीचं परम कर्तव्य, आणि हा विधात्याचाच कायदा आहे. गोऱ्या बाईची ही गत.

त्याच्या एक वर्ष आधी, १८७२ मध्ये, राजधानी वॉशिंग्टनमध्ये शार्लट रे या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला सनद मिळाली होती. हे जमलं कसं? राजधानीच्या नियमांतून सनदेसाठी असलेली 'पुरुष' ही अट काढून टाकलेली होती, आणि शिकायला हॉवर्ड विद्यापीठ होतं. यादवी युद्धानंतर मुख्यतः मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं हे विद्यापीठ सुरुवातीपासून मुलींनाही घेत असे. शार्लटचे वडील पाद्री, गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते आणि संपादक. घरात पुस्तकं होती आणि धीटपणाही होता.

१८७५ मध्ये त्यांनी नवऱ्याच्या मारहाणीनं त्रासलेल्या एका बाईच्या घटस्फोटाचा दावा चालवला. पण सनद भिंतीवर टांगली म्हणून अशील दारात येत नाहीत. गोरे लोक कृष्णवर्णीय बाईकडे काम देईनात, आणि कृष्णवर्णीयांनाही कोर्टात गोरा पुरुष उभा असला तर निकाल बरा लागेल असं वाटे. त्यांचं वाटणं चुकीचं होतं असं म्हणायला जीभ धजत नाही. १८७९ पर्यंत शार्लट न्यू यॉर्कला परतल्या आणि पुढे ब्रुकलिनच्या सरकारी शाळांत शिकवू लागल्या. देशातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील ही त्यांची ओळख खरी आहे, तशीच ऑफिस बंद करावं लागलेली वकील हीसुद्धा खरी आहे. याद्यांमध्ये दुसरी क्वचितच येते.

पुढची साठेक वर्षं भरभर ओलांडू. मेरी अ‍ॅन शॅड केरी यांनी कॅनडात वर्तमानपत्र चालवून झाल्यावर साठाव्या वर्षी हॉवर्डची कायद्याची पदवी घेतली. सेडी अलेक्झांडर यांनी आधी अर्थशास्त्रात पीएचडी केली आणि मग १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनियात सनद घेतली. जेन बोलिन यांना मात्र एक परिच्छेद द्यायलाच हवा. येल विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९३९ मध्ये न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्यांना कौटुंबिक न्यायालयावर नेमलं आणि देशाला पहिली कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश मिळाली. त्या खुर्चीवर त्या चाळीस वर्षं राहिल्या, सत्तरीला नियमानुसार निवृत्त व्हावं लागलं म्हणून उठल्या. त्यांनी केलेले बदल दिसायला किरकोळ आहेत. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशन अधिकारी मुलाचा वर्ण पाहून नेमले जात, ते थांबवलं. सरकारी पैसा घेणाऱ्या खासगी बालसंस्था कृष्णवर्णीय मुलांना दारातून परत पाठवत, तेही बंद केलं. मोठा गाजलेला निकाल एकही नाही, पण ज्या मुलाला त्या रात्री झोपायला खाट मिळाली त्याला याहून मोठा कोणता निकाल हवा होता?

पॉली मरे आणि वर्गातलं हसू

आता मुख्य पात्राकडे येऊ. पॉली मरे यांचा जन्म १९१० चा, बाल्टिमोरचा. आईवडिलांविना त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी मावशीकडे आणि आजीआजोबांकडे वाढल्या. १९३८ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला. उत्तर आलं : तुमच्या वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही. १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमध्ये मागच्या मोडक्या आसनावर बसायला त्यांनी आणि एका मैत्रिणीनं नकार दिला आणि दोघी तुरुंगात गेल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल त्या त्या काळात वाचत होत्या. तुरुंगातही त्यांनी आपल्या तक्रारी सभ्य भाषेत, मुद्देसूद लिहून अधिकाऱ्यांना दिल्या.

मग हॉवर्डला कायदा शिकायला आल्या. वर्णभेदाशी लढणारे वकील घडवण्याचा तो कारखानाच होता. वर्गात बाई एकटी. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकांनी, बायका लॉ कॉलेजात कशाला येतात काही कळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि वर्ग हसला. वर्णभेदाशी लढायला निघालेली ही मुलं शेजारच्या बाकावरच्या बाईला हसत होती, हे पॉलींच्या डोक्यातून गेलं नाही. वर्णभेदी कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणत. पॉलींनी बायकांच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाला 'जेन क्रो' हे नाव देऊन टाकलं.

इथे कायद्याचा थोडा तपशील हवा. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे रेल्वेचे डबे वेगळे असले तरी ते समान असतील तर घटनेचा भंग होत नाही. 'वेगळे पण समान' हे सूत्र ते हेच. याच्या जोरावर दक्षिणेत शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, सगळं वेगळं झालं, आणि समान काहीच नव्हतं. कृष्णवर्णीयांचे वकील बरीच वर्षं या सूत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर हल्ला करत. तुम्ही समान म्हणता ना, मग आमच्यासाठीही तसंच लॉ कॉलेज बांधा! दोन-दोन कॉलेजं बांधता बांधता राज्याची तिजोरी रिकामी होईल आणि वर्णभेद परवडेनासा होईल, असा हिशेब. हिशेब वाईट नव्हता, त्यानं काही खटले जिंकलेही. पण तो फार हळू चालणारा होता आणि 'वेगळे' या शब्दाला त्यानं हातच लागत नव्हता.

१९४४ च्या सुमाराला पॉलींनी वर्गात सांगितलं की थेट 'वेगळे' वरच घाव घालू. वेगळं ठेवणं हाच अपमान आहे, त्यानं माणसाच्या मनावर जो घाव होतो तीच असमानता, मग खोल्या कितीही सारख्या असोत. वर्ग पुन्हा हसला. हे अति झालं, उलट निकाल आला तर आहे तेही जाईल, असं सगळ्यांचं मत. पॉलींनी त्यांचे प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली : पंचवीस वर्षांच्या आत प्लेसीचा निकाल उलटेल. आणि आपला मुद्दा त्यांनी अभ्यासक्रमाच्या निबंधात सविस्तर मांडला.

१९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शिक्षणात वेगळ्या सोयी या मुळातच असमान असतात. लढणाऱ्या वकिलांच्या फळीत रॉबिन्सन होते. तयारी करताना त्यांनी विद्यार्थिनीचा तो जुना निबंध बाहेर काढला होता, हे पॉलींना बऱ्याच वर्षांनी कळलं. ब्राऊनचा विजय अनेकांचा आहे, तो एका निबंधाच्या नावे मांडणं बरोबर नाही. पण कल्पना मांडणारीला कुणी साधं कळवलंही नाही, ही गोष्ट मला दहा डॉलरच्या पैजेपेक्षा जास्त बोलकी वाटते.

हॉवर्डला पॉली वर्गात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला पुढचं शिक्षण घ्यायची प्रथा होती. हार्वर्डनं कळवलं की आमच्याकडे प्रवेशाला जे लिंग लागतं ते तुमचं नाही. पॉलींनी उत्तर धाडलं : तुमच्या अटीसाठी मी आनंदानं लिंग बदललं असतं, पण तो मार्ग मला अजून कुणी दाखवलेला नाही, तेव्हा तुम्हीच तुमचं मत बदला, की हेही तितकंच अवघड आहे? आज हे वाचताना हसू येतं आणि लगेच मावळतं, कारण पॉली आपल्या शरीराच्या आणि लिंगओळखीच्या प्रश्नाशी खरोखरच झगडत होत्या. हार्मोन उपचारांसाठी त्यांनी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले होते, आणि कुणी दाद दिली नव्हती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शब्द टाकूनही हार्वर्ड हललं नाही. त्या बर्कलीला गेल्या. १९५१ मध्ये प्रत्येक राज्यातले वंश आणि वर्णाविषयीचे सगळे कायदे शोधून त्यांनी ७४६ पानांचा संग्रह छापला. ब्राऊन खटला लढवणाऱ्या फळीचे प्रमुख थर्गुड मार्शल त्याला नागरी हक्कांच्या वकिलांचं बायबल म्हणत.

निकाल लागला, पुढे काय?

ब्राऊनचा निकाल लागला म्हणून शाळांचे दरवाजे उघडले नाहीत. कोर्टाचा कागद हातात असणं आणि तो राबवून घेणं यातलं अंतर आपल्याकडे जमिनीचा दावा जिंकलेल्या कुणालाही विचारा. अमेरिकेत ते अंतर तोडणाऱ्यांत कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचं नाव फार वर आहे.

त्यांचे आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येलच्या विद्यार्थी मंडळांत स्वयंपाकी. कॉलेजला पाठवायला घरात पैसा नव्हता. गावात एका गोऱ्या उद्योजकाच्या देणगीतून समाजकेंद्र उभं राहिलं होतं आणि तिथे कृष्णवर्णीय लोक का फिरकत नाहीत यावर सभा भरली. किशोरवयातल्या कॉन्स्टन्सनं उठून सांगितलं की कारभारात आमचा एकही माणूस नाही, म्हणून. उद्योजक क्लॅरेन्स ब्लेकस्ली तिथेच बसले होते. रागावण्याऐवजी त्यांनी तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च उचलला. कोलंबियात कायदा शिकत असतानाच १९४५ मध्ये त्या मार्शल यांच्या लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे नागरी हक्कांचे खटले लढवणाऱ्या संस्थेत, लागल्या, आणि ब्राऊनच्या मूळ वादपत्रावर त्यांचा हात फिरला. त्या फळीत बाई वकील त्या एकट्याच.

मिसिसिपी विद्यापीठाचा खटला पाहिला की त्यांचं काम कसं चालायचं ते कळतं. जेम्स मेरेडिथ यांनी नऊ वर्षं हवाई दलात काढली होती. १९६१ मध्ये त्यांनी प्रवेश मागितला आणि विद्यापीठानं नकार दिला. आता वर्ण हे कारण उघड सांगता येत नव्हतं, म्हणून नियम पुढे केले. एक नियम असा : विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं आणा. माजी विद्यार्थी सगळे गोरे. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नाही आणि काम मात्र चोख. भेदभाव कागदावर शोधायचा नसतो, परिणामात शोधायचा असतो, हे समजायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मोटलींनी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावून एकेका नियमाचा हिशेब मागितला. जॅक्सनच्या जिल्हा न्यायाधीशांनी तरीही लिहिलं की विद्यापीठात वर्णभेद आहे असं सिद्ध होत नाही. अपील न्यायालयाचे न्यायाधीश विस्डम यांनी तो निकाल उलटवताना सुनावलं की मिसिसिपी वर्णभेदाचं धोरण राबवतं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तेव्हा ते न्यायालयालाही ठाऊक असलं पाहिजे. त्यावर त्याच अपील न्यायालयातल्या दुसऱ्या एका न्यायाधीशांनी स्थगिती दिली. ती उठवली की पुन्हा दिली. अशा चार स्थगित्या झाल्या! शेवटी सप्टेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅक यांनी त्या सगळ्या बाजूला केल्या. मेरेडिथ यांच्या प्रवेशाच्या रात्री दंगल उसळली, दोघांचा जीव गेला, हजारो सैनिक उतरवावे लागले. एका विद्यार्थ्याचं नाव पटावर चढवण्यासाठी.

या काळात मोटलींना तिथल्या हॉटेलांत खोली मिळत नसे, कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी मुक्काम असे. स्थानिक वर्तमानपत्र त्यांना 'मिसेस मोटली' न म्हणता 'ती मोटली बाई' म्हणे. खटल्यात साथ देणारे नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स १९६३ च्या जूनमध्ये स्वतःच्या घरासमोर गोळीला बळी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये मोर्चात गेलेल्या हजाराहून अधिक शाळकरी मुलांना शाळांनी काढून टाकलं. खालच्या कोर्टानं दाद दिली नाही, तशा मोटली वरच्या कोर्टात धावल्या आणि त्याच दिवशी मुलांना परत घेण्याचा आदेश घेऊन आल्या.

सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दहा खटले चालवले, नऊ जिंकले. हरलेला दहावा १९६५ चा, ज्युरीबद्दलचा. अमेरिकेत वकिलाला काही ज्युरी सदस्य कारण न देता वगळता येतात. सरकारी वकील हा हक्क वापरून कृष्णवर्णीयांना सरसकट वगळत, आणि न्यायालयानं ते खपवून घेतलं. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाला ही भूमिका सोडावी लागली. म्हणजे दहावाही उशिरा का होईना पदरात पडला, असं मोटलींचे चाहते म्हणतात. मला हा हिशेब जरा ओढूनताणून वाटतो. मधल्या एकवीस वर्षांत ज्यांना शिक्षा झाल्या त्यांच्या पदरात काय पडलं?

१९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटलींना न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयावर नेमलं. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी नेमणूक महिनोन्‌महिने अडवून धरली होती. पुढे त्यांच्यासमोर एका मोठ्या वकिली फर्मविरुद्ध स्त्रीनं केलेला नोकरीतल्या भेदभावाचा खटला आला. फर्मच्या वकिलांनी अर्ज दिला : न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय स्त्री आहेत, त्यांना अशा भेदभावाचा अनुभव असणार, त्यांनी बाजूला व्हावं. मोटलींनी लिहिलं की लिंग, वंश किंवा आधीचा अनुभव हेच कारण धरलं तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही. कारण गोऱ्या पुरुषालाही लिंग असतं आणि वंशही असतो. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

अर्ध्यांनाच संरक्षण

आता पुन्हा पॉलींकडे. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा तयार होत होता. त्याच्या सातव्या प्रकरणात नोकरीत वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करायला बंदी होती. लिंग नव्हतं. कायद्याचेच विरोधक असलेले व्हर्जिनियाचे खासदार हॉवर्ड स्मिथ यांनी 'लिंग' हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. सभागृहात खसखस पिकली आणि दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूरही झाली. सिनेटमध्ये ती गळण्याची चिन्हं दिसली, तेव्हा पॉलींनी एक टिपण लिहिलं आणि ते वॉशिंग्टनमध्ये योग्य हातांत पोचवलं.

टिपणातला एक मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. कायद्यात वंश असेल आणि लिंग नसेल, तर संरक्षण मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुषांना मिळेल. कृष्णवर्णीय बाईला कामावरून काढणारा मालक म्हणेल, वंशामुळे नाही हो, बाई आहे म्हणून काढली. आणि कायदा हात बांधून बसेल. निम्मी कृष्णवर्णीय जनता उघड्यावर राहील. गोऱ्या पुरुषांना हे दिसलं नव्हतं, कृष्णवर्णीय पुरुषांना फारसं जाणवलं नव्हतं आणि गोऱ्या बायकांपैकी बहुतेकींना त्याचा विचार करावा लागला नव्हता. 'लिंग' शब्द कायद्यात राहिला.

चौदाव्या घटनादुरुस्तीतही तोच खिळा ठोकायचा होता. वंशावरून फरक करणाऱ्या कायद्याला आता न्यायालय कडक प्रश्न विचारत होतं, पण बायकांच्या बाबतीत सरकारनं बरंसं कारण दिलं की पुरे. १९६१ मध्येसुद्धा बायकांना ज्युरीच्या यादीतून जवळजवळ वगळणारा फ्लोरिडाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला. कारण काय, तर घर आणि कुटुंब अजून स्त्रीवरच उभं आहे. पॉलींचं म्हणणं असं की दोन्ही भेदभाव एकाच बनावटीचे आहेत. जन्मानं मिळालेली, बदलता न येणारी खूण पाहून माणसाची लायकी ठरवायची, मग त्याला परंपरा किंवा निसर्ग म्हणायचं. तेव्हा कसोटीही एकच हवी. १९६६ मध्ये वकील डोरोथी केन्यन यांच्याबरोबर त्यांनी अलाबामाच्या एका खटल्यात हे मांडलं आणि तिथल्या संघराज्य न्यायालयानं बायकांना ज्युरीतून वगळणं घटनाबाह्य ठरवलं. राज्यानं अपील केलं नाही. त्यामुळे प्रश्न वर गेला नाही, आणि निकालही अलाबामापुरता राहिला.

वर गेला तो आयडाहोचा खटला. मुलगा वारला, वेगळ्या राहणाऱ्या आईबापांनी त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी वेगवेगळे अर्ज केले. राज्याचा कायदा सांगे की दोघं सारखेच पात्र असतील तर पुरुषाला पसंती. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो रद्द केला. समान संरक्षणाच्या त्या वाक्यावर बोट ठेवून स्त्रीविरोधी कायदा रद्द होण्याची ही पहिली वेळ, चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर एकशे तीन वर्षांनी. आईच्या बाजूचं निवेदन लिहिलं होतं पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. मुखपृष्ठावर त्यांनी पॉली मरे आणि डोरोथी केन्यन यांचीही नावं घातली. या खटल्यात त्या दोघींनी एक ओळही लिहिली नव्हती, पण विचार त्यांचा होता. ब्राऊनच्या वेळी राहून गेलेली गोष्ट इथे एका वकिलानं केली.

पॉलींची मागणी मात्र पूर्ण मान्य झाली नाही. १९७६ पासून लिंगभेदाला मधली कसोटी लागते, साध्या कसोटीहून कडक आणि वंशाच्या कसोटीहून सैल.

दोन रकान्यांच्या मध्ये

वंश कायद्यात आला, लिंगही आलं. मग प्रश्न सुटला का? त्याच १९७६ मध्ये सेंट लुईसच्या न्यायालयात पाच कृष्णवर्णीय बायका जनरल मोटर्सविरुद्ध उभ्या होत्या. तिथल्या कारखान्यानं १९६४ पूर्वी एकही कृष्णवर्णीय बाई कामावर घेतली नव्हती. मंदी आली तेव्हा सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, शेवटी आलेला आधी बाहेर. १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय बायका साफ बाहेर पडल्या.

न्यायालय म्हणालं, लिंगभेद म्हणावा तर कंपनीनं त्याआधीही बायका घेतल्या होत्या. त्या गोऱ्या होत्या, ही गोष्ट वेगळी. वंशभेद म्हणावा तर कंपनीविरुद्ध वंशभेदाचा दुसरा खटला चालूच आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही कारणं जोडून मागणार असाल तर तसा वेगळा वर्ग कायद्यानं केलेला नाही, आणि अशा जोड्या जुळवत बसलो तर त्याला अंत राहणार नाही. पॉलींनी बारा वर्षांपूर्वी ज्या फटीकडे बोट दाखवलं होतं, तिचंच हे उलटं रूप. तेव्हा एक शब्द नव्हता म्हणून कृष्णवर्णीय बाई बाहेर राहत होती. आता दोन्ही शब्द असूनही बाहेर, कारण ते एकेक करूनच वाचायचे असं ठरलं होतं. १९८० मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानं मान्य केलं की कृष्णवर्णीय पुरुषांना आणि गोऱ्या बायकांना नीट वागवलं एवढं दाखवून मालक सुटू शकत नाही.

या निकालांची चिरफाड करणारा निबंध १९८९ मध्ये किम्बर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदा-प्राध्यापिकेनं लिहिला. त्यांनी चौकाचं उदाहरण दिलं. चौकात उभ्या माणसाला धडक एका रस्त्यावरून येणाऱ्या गाडीची बसू शकते, दुसऱ्या रस्त्यावरच्या गाडीची, किंवा दोन्हींची एकदम. जखमा पाहून कोणती कुठल्या गाडीची हे सांगता आलं नाही, म्हणून रुग्णवाहिका येणारच नाही का? इंटरसेक्शनॅलिटी हा आज समाजमाध्यमांवर वाटेल तसा फेकला जाणारा शब्द तिथून निघाला. ओळखींची लांबलचक माळ जपत बसण्याशी मुळात त्याचा संबंध नव्हता. नुकसान झालेल्या बाईचा दावा कोणत्या कलमात बसवायचा, हा अगदी कोर्टातला प्रश्न होता.

२०२२ मध्ये केतान्जी ब्राऊन जॅक्सन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आल्या, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती. त्यांचा वाढदिवस मोटलींच्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, आणि नेमणुकीच्या भाषणात त्यांनी तो आवर्जून सांगितला. वर्षभरात विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही हा प्रश्न पुढे आला. बहुमतानं नाही म्हटलं. जॅक्सन यांनी भिन्नमत लिहिलं ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात. १९३८ मध्ये पॉलींना वंशावरून नकार कळवणारं विद्यापीठ ते हेच. एकच वाक्य, 'कायद्याचं समान संरक्षण', दोन्ही बाजू आपापल्या अंगानं वाचत होत्या. बहुमताचं म्हणणं की वंश पाहूच नका. जॅक्सन यांचं म्हणणं की इतकी वर्षं पाहून जे केलंत त्याकडे आता डोळे मिटून समानता येत नाही.

हा वाद आपल्या दारातही येऊन गेला आहे. आंध्र प्रदेशातल्या एका जन्मांध, अनुसूचित जातीच्या स्त्रीवर बलात्कार झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्र लिहिलं, आणि त्यात क्रेनशॉ यांची मांडणी सविस्तर आली. जात, लिंग आणि अपंगत्व एकमेकांत गुंतलेलं असताना हल्ला नेमका कशामुळे झाला हे सुटं करून सिद्ध करणं किती अवघड असतं, हे न्यायालयानं लिहिलं. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द केली. घटना घडली तेव्हाच्या तरतुदीनुसार गुन्हा जातीच्या कारणावरून केला हे दाखवावं लागे, आणि तसा वेगळा पुरावा सरकारी पक्षानं आणलेला नव्हता. पीडित अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत असणं पुरे, अशी दुरुस्ती २०१६ पासून लागू झाली. पण या स्त्रीचा खटला त्या तारखेच्या आधीचा होता.